डावं दार

कापड काळं झालं होतं. त्याने ते उलटं केलं, उजेडाकडे धरलं, दोन बोटांत चोळून पाहिलं. मळ असा नसतो. मळ करडा असतो, त्यात कचकच असते, चोळला की भुगा होतो. हे बुटाच्या पॉलिशसारखं मऊ होतं आणि बोटांच्या रेघांत जाऊन बसलं होतं. सकाळपासून त्याने टप पुसला होता, बॉनेट पुसलं होतं, पुढची दोन्ही दारं, मागचं उजवं दार, डिकी. सगळीकडे कापड जेमतेम मळलं होतं. आणि या एका दारावर, मागच्या डाव्या दारावर, हात दोनदा फिरतो न फिरतो तोच कापडावरची निळी फुलं दिसेनाशी झाली. फुलं गाऊनची होती. बायको गेल्यावर तिचे कपडे मुलीने आवरले, कुणाकुणाला देऊन टाकले, पण हा सुती गाऊन इतका विरला होता की देण्यासारखा नव्हता, म्हणून मागे राहिला. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुतासारखं काळ्या गाडीला दुसरं कापड नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी कात्री लावताना हात थांबला होता. मग त्याने मनाशी म्हटलं, तिच्याच गाडीला लागतंय, आणि भराभर चौकोन कापले.

आधी त्याला वाटलं, वॅक्सच खराब निघालं. काल दुकानात तसा तो बराच वेळ घालवून आला होता. जाताना जुना पिवळा डबा बरोबर नेला होता, आणि तो काउंटरवर ठेवून म्हणाला होता, "हेच हवंय." दुकानदाराने डबा हातात घेतला, झाकण उघडून तळाला राहिलेली खरवड पाहिली आणि हसला. "काका, हे कुठून काढलंत? हे येणं बंद झालं. दगडासारखं घट्ट असायचं, लावताना खांदा जायचा. आता एवढं घासायला वेळ कुणाला आहे?" मग बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघून म्हणाला, "काळी गाडी घेतलीत ती हौस म्हणून, की कुणी शिक्षा दिली?" त्यावर तोही हसला होता. दुकानदाराने एकेक करून माल पुढे मांडला. एक फवारा होता, मारायचा आणि पुसायचं, पण पहिल्या धुण्यात सगळं वाहून जाणार. दुसरं काळ्या गाड्यांसाठीच होतं, त्यात काळा रंगच मिसळलेला होता. "ओरखडे असतील तर भरून काढतं. म्हणजे जात नाहीत, दिसत नाहीत एवढंच." ते त्याने बाजूला सारलं. जन्मभर तेच केलं होतं. तिसरं एका बसक्या पांढऱ्या डब्यात होतं, मेण आणि साफ करणारं द्रव्य एकत्र. वरचा मेलेला थर काढायचं आणि मागे मेण सोडायचं. "फटीत पांढरं राहतं का?" त्याने विचारलं. काळ्या गाडीला दारांच्या फटीत वाळलेलं पांढरं वॅक्स राहिलं की ती न धुतल्यापेक्षा वाईट दिसते. "ओल्या स्पंजावर थोडं थोडं घ्या, नाही राहायचं. रंग कंपनीचाच ना? मग बिनधास्त लावा. त्याच्यावर काचेसारखा पारदर्शक थर असतो, रंग सुटत नाही. बाहेर मारलेल्या रंगाला मात्र जपून. कापडाला लागतो." आणि तो म्हणाला होता, "कंपनीचाच आहे. गाडीला ओरखडा नाही अजून." हे म्हणताना त्याची मान जरा ताठ झाली होती, हे आता दाराशी उकिडवं बसल्यावर त्याला आठवलं.

त्याने नवीन चौकोन घेतला. पुढच्या डाव्या दारावर वॅक्स लावलं, वाळू दिलं, पुसलं. कापड मळकं. त्याच कापडाची दुसरी बाजू घेऊन मागच्या दारावर तेच केलं. काळं. पुढचं दार आणि मागचं दार यांच्यामध्ये बोटभर फट होती, आणि फटीच्या या बाजूला कारखान्यातला रंग होता, त्या बाजूला दुसऱ्या कुणाचा. ही गोष्ट त्याला समजली होती, पण ती आत उतरत नव्हती. काळा रंग त्याला कळत नव्हता असं नाही. फोटो स्टुडिओत त्याने उभं आयुष्य रीटचिंग केलं होतं. आधी निगेटिव्हवर पेन्सिल आणि बारीक ब्रश घेऊन, मग पडद्यासमोर बसून. माणसांचे वांग, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं, हनुवटीवरचे व्रण त्याने असे घालवले होते की त्यांच्या आयांनासुद्धा ते पुन्हा सापडले नसते. काळ्यातही निळसर काळा असतो, तपकिरी काळा असतो, आणि एक असा असतो जो नुसता उजेड गिळतो. दुसऱ्याने केलेलं रीटचिंग तो हातभर अंतरावरून ओळखायचा. आणि हे दार त्याने किती रविवार पुसलं होतं? बाकीच्या गाडीपेक्षा हे दार जास्त उजळतं, हे त्याच्या लक्षातही आलं होतं. त्याला वाटायचं, या बाजूला आपण उभे कसे राहतो, हात कसा बसतो, त्याचा हा गुण असणार. एकदा त्याने तिला मुद्दाम खाली आणून दाखवलं होतं. "बघ, या दारात तुझे दातसुद्धा दिसतात." तिने वाकून पाहिलं होतं, दात दाखवले होते, आणि म्हणाली होती, "आहेच तुमच्या हाताला जादू."

तो शाळांचे वर्गफोटो काढायला स्टुडिओच्या माणसांबरोबर बाहेरगावी गेला होता, तेव्हाच झालं असणार. एरवी गाडी सलग दोन दिवस कधी त्याच्या नजरेआड झालीच नव्हती. परत आला त्या संध्याकाळी खाली रंगाचा वास होता. त्याने विचारलंही होतं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "पलीकडच्यांनी गेट रंगवलंय." पलीकडच्यांचं गेट दुसऱ्या दिवशी त्याने पाहिलं होतं का? पाहिलं असेल. गेट हिरवं होतं, आधीही हिरवंच होतं. कोण बघतं गेटकडे.

"राणीसाहेबांची अंघोळ चाललीय वाटतं," मागून आवाज आला. तळमजल्यावरचा घड्याळवाला होता. घरातच खिडकीशी टेबल टाकून तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि पार्किंगमध्ये कोण आलं, कोण गेलं हे त्याला टिकटिक ऐकावी तसं न बघता कळायचं. डोळ्याला लावायचं भिंग त्याने कपाळावर चढवलं होतं. "निरोपाची अंघोळ म्हणायची. आजच नेणार ना तुम्हाला?"

"दुपारी येतेय मुलगी."

"मजा आहे बुवा तुमची. आयतं जेवण, अंगावर खेळायला नातवंडं. इथे मी एकटाच उरलो, तुमच्या हॉर्नची वाट बघत." तो जवळ आला. "काय झालं फोटोवाले? असे जमिनीवर बसलात ते."

"या दाराचा रंग सुटतोय."

"हां, ते होय," घड्याळवाला म्हणाला. "सुटेल मग. कंपनीचा थोडाच आहे. पण बेमालूम केलं होतं हो काम. मी तेव्हाच वहिनींना म्हटलं होतं, आमच्या फोटोवाल्यांच्यासुद्धा डोळ्यात धूळ गेली बघा…" आणि मग त्याने खाली पाहिलं, आणि बोलता बोलता थांबला. "म्हणजे तुम्हाला माहितीये ना? नंतर सांगितलं असेल ना त्यांनी?"

"सांगितलं," तो म्हणाला. खोटं इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "पण अर्धवट सांगितलं. तुम्ही होतात ना इथे तेव्हा?"

घड्याळवाल्याचा जीव भांड्यात पडला. गोष्ट सांगायची त्याला आवड होती. "होतो म्हणजे? खिडकीतच होतो. वहिनी आल्या नेहमीसारख्या, अगदी हळू. मला वाटलं, आता खांबाला वळसा घालतील. पण छे. खांब नाहीच अशा आल्या. कर्रर्र करून आवाज आला आणि तरी थांबेनात, तशाच आत. मी धावलो. त्या उतरल्या, या बाजूला आल्या, दार बघितलं, आणि मग खांबाकडे बघत राहिल्या. चांगल्या बघत राहिल्या. आणि मला म्हणतात, 'भाऊजी, हा खांब इथे कधी आला?'" तो हसायला लागला. "मी म्हटलं, 'वहिनी, अख्खी इमारत उभी आहे त्याच्यावर.' अहो, हसून हसून पुरेवाट झाली."

"ती हसली?"

घड्याळवाल्याने जरा आठवून पाहिलं. "हसल्या की. मी जास्त हसलो."

खांब तिथेच होता, गाडीच्या डाव्या अंगाला. त्याच्यावर कमरेएवढ्या उंचीपर्यंत पिवळे आणि काळे पट्टे होते. पार्किंगमधल्या दुसऱ्या कुठल्याच खांबावर नव्हते. हे त्याला रोज दिसत होतं. सोसायटीला कधी नव्हे ती अक्कल सुचली म्हणून त्याने एकदा कौतुकही केलं होतं, आणि बाकीचे खांब कधी रंगवणार म्हणून सेक्रेटरीला जिन्यात अडवलं होतं. सेक्रेटरी काहीतरी पुटपुटून निघून गेला होता. "आणि हे पट्टे?" त्याने विचारलं.

"ते तुमच्या लेकीने. दुसऱ्याच दिवशी डबा आणि ब्रश घेऊन आली. मी म्हटलं, अगं, कशाला? तर म्हणाली, असू दे काका, दिसायला बरं." आत फोन वाजला तसा घड्याळवाला भिंग सावरत घराकडे वळला, आणि जाता जाता म्हणाला, "घाला त्यावर जरा जास्त मेण. बसेल."

दिसायला बरं. तो दाराला पाठ टेकून बसला. फरशी गार होती. बायको फिजिओथेरपिस्ट होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना उठवून बसवायची, बसलेल्यांना चालवायची, आणि त्यासाठीच ही गाडी घेतली होती. गाडी काळीच हवी हा हट्ट तिचा, आणि ती काळी ठेवायची कशी ही त्याची डोकेदुखी. रात्री जेवताना ती पेशंटच्या गोष्टी सांगायची, नावं न घेता. एक आजोबा होते, मेंदूला मार बसल्यावर ते अर्धीच दाढी करायचे. उजवा गाल गुळगुळीत, डावा तसाच. ताटातलंही उजवीकडचं खायचे आणि म्हणायचे, आज कमी वाढलंय. तो हसला होता. ती म्हणाली होती, "हसू नका हो. त्यांना तिकडे अंधार दिसतो असं नाही. तिकडे काही आहे, हेच त्यांना वाटत नाही." "मग त्यांना कळतं कसं?" "त्यांना नाही कळत. दुसऱ्याला कळतं. आपण ताट फिरवायचं, बस." हे खांबाच्या कितीतरी आधीचं होतं. म्हणजे त्या दिवशी ती उतरली, या बाजूला आली, आणि खांबाकडे चांगली बघत राहिली, तेव्हा तिला समजलं होतं. घड्याळवाला पोट धरून हसत होता आणि ती, जन्मभर दुसऱ्यांची ताटं फिरवलेली, तिथे उभी राहून समजून चुकली होती. आणि मग तीही हसली होती, कारण हसायला कुणीतरी समोर होतं.

त्यानंतरचं सगळं वर्ष त्याने चांगलं म्हणून जपून ठेवलं होतं. ती गेल्यावर आजारपणाचे महिने तो आठवायचाच नाही. मागे जायचा, त्या वर्षात जाऊन बसायचा. त्या वर्षी ती त्याला म्हणायला लागली होती, "तुम्हीच चालवा, मला नुसतं बसायचंय." इतकी वर्षं गाडीची किल्ली तिच्याकडे, तो शेजारी, आणि आता आपल्याला चालवायला मिळतंय याचंच त्याला अप्रूप. कामं तिने हळूहळू कमी केली. "तुमच्याबरोबर वेळ मिळत नाही," म्हणाली. त्याला ते खरं वाटलं होतं. चालताना ती त्याच्या उजव्या अंगाला यायची आणि त्याचा हात धरायची, डाव्या हाताने धरायची, आणि त्याला लग्नानंतरचे दिवस आठवायचे. आता तो एकेक दिवस काढून उजेडाला धरत होता आणि प्रत्येकावर ब्रशचा फटकारा दिसत होता. हात धरला तो प्रेमाने की डाव्या बाजूला त्याचा कठडा हवा होता म्हणून? ती म्हणाली होती, "पुढच्या वर्षी आपण लांब कुठेतरी जाऊ." पुढच्या वर्षी. हे ती तोंड भरून म्हणाली होती आणि त्याने जागाही शोधून ठेवली होती.

त्याच वर्षी त्याच्या वाढदिवसाला तो पिवळा डबा आला. तिने तो वर्तमानपत्रात गुंडाळून उशीवर ठेवला होता. आधी तो मिळेल ते वॅक्स लावायचा, आज हे, उद्या ते, आणि ती त्याची थट्टा करायची. म्हणून तिने मन लावून काही आणलं याचंच त्याला भारी वाटलं. डबा उघडला तर आत घट्ट, मधासारखं पिवळं मेण, कुठल्याशा झाडाच्या पानांवरून काढलेलं, दुसरं काही न मिसळलेलं. ती म्हणाली होती, "आता यापुढे हेच लावायचं. दुसरं काही आणायचं नाही. वचन द्या." त्याने वचन दिलं होतं आणि पाळलं होतं. डबा तळाला गेला तरी सुरीने खरवडून खरवडून लावत होता. तिला यातलं काय कळतंय, आणि तरी नेमकं सगळ्यात चांगलं उचललं, असं तो दहा जणांना सांगत फिरला होता.

आणि मग डॉक्टरांची खोली. ती खोली त्याला नको होती, पण तीच समोर आली. ती उजव्या खुर्चीत, तो डाव्या, मुलगी त्याच्या मागे उभी. टेबलावर काचेचा पेपरवेट होता, आणि त्यात एक बुडबुडा अडकलेला. डॉक्टरांनी विचारलं होतं, "याआधी काही जाणवलं होतं का? दाराला धडकणं, वस्तू न दिसणं? गाडी चालवतात ना या, कधी कुठे लागली वगैरे?" आणि ती बोलायच्या आत त्याने उत्तर दिलं होतं. "छे हो. इतकी वर्षं चालवतेय, गाडीला ओरखडासुद्धा नाही." वर हसून म्हणाला होता, "मला विचारा, दर रविवारी मी पुसतो." डॉक्टरांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. मग अगदी नवीन काही ऐकल्यासारखी तिने विचारलं, "म्हणजे गंभीर आहे का डॉक्टर?" आणि मुलीने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मुलगी आली तेव्हा तो अजून फरशीवरच होता. तिने रिक्षा बाहेरच सोडली, कारण जाताना गाडी तीच चालवणार होती. ती गलका करतच आत शिरली. "बाबा, अजून इथेच? टेम्पोवाला निघालाय. खोकी बांधून झाली ना? मुलांनी तुमच्या खोलीच्या दारावर तुमचं चित्र काढून चिकटवलंय. टक्कल जरा जास्तच काढलंय, रागावू नका." बोलता बोलता ती हात कुडत्याला पुसत होती. हात ओले नसतानाही पुसायची ही सवय आईची.

त्याने गाऊनचा एक स्वच्छ चौकोन तिच्यापुढे धरला. "हे दार एकदा पूस."

"मी? जन्मात कधी हात लावू दिला नाहीत."

"आज लाव."

तिने कापड घेतलं नाही. तिने दाराकडेही पाहिलं नाही. तिची नजर सरळ त्याच्या पायाशी ठेवलेल्या पांढऱ्या डब्यावर गेली. "हे कुठलं आणलंत? आईने दिलेलं संपलं?"

एवढं पुरे होतं. तरी ते तिच्या तोंडून ऐकावं असं त्याला वाटत होतं, आणि वाटत नव्हतंही. "संपलं," तो म्हणाला. "तसलं आता मिळत नाही. हे घासून साफ करतं." आणि मांडीवरचा काळा चौकोन त्याने उलगडून फरशीवर पसरला.

तिने त्या कापडाकडे पाहिलं. मग कुडता सावरून त्याच्यासमोर खाली बसली. "घड्याळकाका बोलले?"

"आधी कापड बोललं."

"बाबा, आईने माझ्याकडून वचन घेतलं होतं."

"वचनं बरीच घेत होती त्या वर्षी."

"तिची ती लगेच आली होती माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी. म्हणाली, चल, मला दाखवायला जायचंय. मी म्हटलं, बाबा येऊ देत. तर म्हणाली, ते यायच्या आतच जायचंय." मुलगी फरशीवरच्या कापडाकडे बघून बोलत होती. "तेव्हाच सांगितलं डॉक्टरांनी, मेंदूत गाठ आहे. जागा अशी आहे की हात लावता येणार नाही. किती दिवस ते सांगता येत नाही. वर्ष, कदाचित जास्त. बाबा, करण्यासारखं काही नव्हतं. असतं तर मी सांगितलंच असतं, तिने काहीही म्हटलं असतं तरी."

"म्हणजे आपण गेलो ते दुसरे डॉक्टर."

"दुसरे."

"आणि तुम्ही दोघी आधीच सगळं ऐकून आला होता."

"हो."

"मी ओरखडा नाही म्हणालो, तेव्हा तुझा हात माझ्या खांद्यावर होता."

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते, पण ती रडत नव्हती. रडायचा हक्क आहे की नाही हे तिला ठरवता येत नसावं. "ती म्हणाली, त्यांना कळलं की त्या दिवसापासून या घरात पेशंट राहील. मी पेशंटची घरं आयुष्यभर बघितलीत, म्हणाली. माणसं हळू बोलायला लागतात. मला जमेल तेवढे दिवस त्यांच्याशी भांडू दे."

हे ऐकून त्याला बायको दिसली. हे वाक्य तिचंच होतं, मुलीला असं सुचलं नसतं. आणि ते तिचंच होतं म्हणून जास्त लागलं. "आणि तू दिलेस ते दिवस."

"दिले."

"ते अर्धे माझे होते," तो म्हणाला.

वर कुठेतरी नळ चालू होता. मुलीने हात पुढे करून कापडाचं टोक सरळ केलं. त्याने विचारलं, "आणि डबा?" तिला लगेच समजलं नाही, म्हणून त्याने खिशातून जुना पिवळा डबा काढून दोघांच्या मध्ये ठेवला.

"पेंटरने सांगितलं होतं," ती म्हणाली. "काम घाईत केलंय, वरचा थर दिलेला नाही. नुसतं मेण लावलं तर दिसेलही चांगलं, पण घासणारं काही लावलं तर रंग सुटेल. आईला माहीत होतं, तुम्ही रोज नवीन काहीतरी आणता. मग आम्ही दुकानं पालथी घातली. ती प्रत्येक डब्यावरचं वाचायची. डबा हातात फिरवत फिरवत. एका ठिकाणी दुकानदार वैतागला. मग मला म्हणाली, तू वाच गं, माझ्या ओळी अर्ध्याच निघतायत." ती किंचित हसली, आणि लगेच हसू पुसून टाकलं. "तुम्हाला आवडावंही, असं तिला वाटत होतं बाबा. नुसतं लपवायला नव्हतं घेतलं."

त्याला ते खरंही वाटलं. तीच पंचाईत होती. ती दुकानात उभी राहून, अर्ध्या ओळी वाचत, त्याच्यासाठी मेण निवडत होती, इतक्या काळजीने आजवर कुणी त्याच्यासाठी काही निवडलं नव्हतं, आणि ते निवडलं होतं त्याला काही कळू नये म्हणून. यातलं एक ठेवून दुसरं टाकता येत नव्हतं. शेवटी शेवटी तो तिचं ताट फिरवायचा. तिने उजवीकडचं संपवलं की तो हळूच, तिच्या लक्षात येणार नाही असं, ताट अर्धं वळवायचा, आणि तिला काही कळू दिलं नाही याचं त्याला समाधान वाटायचं. ती मान खाली घालून जेवत राहायची. म्हणजे तेही तिला माहीत होतं. त्याला वाटत होतं, आपण तिच्यापासून एवढंसं काहीतरी लपवतोय. खोलीत हातचलाखी करणारा एकटाच तो, आणि प्रेक्षकांना सगळं आधीच ठाऊक.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मुलगी उठली नाही. "बाबा, चला ना," ती म्हणाली. "तुम्हाला काय बोलायचं ते घरी बोला मला. रोज बोला."

त्याने पिवळा डबा उचलला, झाकण फिरवून घट्ट बसवलं आणि तिच्या हातात दिला. "हा तू ठेव. कशाला काय लावायचं ते तुला चांगलं कळतं." मग भिंतीला हात टेकून उठला. गुडघे वाजले. "टेम्पोवाल्याला परत पाठव. आणि वर जाऊन खोकी सोड. मी येत नाही."

"आज नाही, की…"

"खोलीच्या दारावरचं चित्र असू दे," तो म्हणाला. "पोरांना आता काही सांगू नकोस. सांगायचं असेल तेव्हा खरं सांग."

ती थोडा वेळ डबा धरून उभी राहिली. तो दाराकडे तोंड करून उभा होता, आणि त्या दारात ती त्याला दिसत होती, पाठीमागे, काळी, जराशी वाकडी. मग ती दारातून बाजूला झाली. बाहेर तिचं आणि टेम्पोवाल्याचं बोलणं ऐकू आलं, टेम्पो निघून गेला, आणि जिन्यावर तिची पावलं वाजली. थोड्या वेळाने वरून, उघड्या खिडकीतून, खोक्यांची चिकटपट्टी ओढून काढल्याचा आवाज यायला लागला. एक झालं की दुसरं.

वॅक्स दारावर वाळून पांढरं पडलं होतं. ते पुसायला हवं होतं, जास्त वेळ राहिलं की निघता निघत नाही. त्याने ते तसंच ठेवलं आणि पुढचं दार उघडून तो तिच्या जागेवर, स्टिअरिंगमागे बसला. सीट अजून तिच्या मापाने पुढे ओढलेली होती, कारण तो गाडी चालवायला लागला, ती गेली, तरी त्याने सीट कधी मागे केली नव्हती. गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. समोर डावीकडे खांब होता, पिवळा आणि काळा. त्याने डावा डोळा तळहाताने झाकला. खांब होता. तळहात नाकापर्यंत ओढून आणला. खांब थोडा कापला गेला, पण होता. मग त्याने मान उजवीकडे वळवली, आणखी वळवली, घड्याळवाल्याची खिडकी समोर येईपर्यंत. खांब दिसेनासा झाला. तो तसाच मान वळवून बसून राहिला. पण खांब तिथे आहे, हे त्याला माहीत होतं.